बूमने आउटबोर्ड उतरवताना

मे संपत आला की मुंबई बंदरात मुरिंगवरच्या (पाण्यातच बांधून ठेवलेल्या) छोट्या शिडाच्या बोटी काठावर घ्यायची घाई उडते, आणि नव्या पोरांच्या वाट्याला येते आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून अडकवलेली मोटर. सहा हॉर्सपॉवरची फोर-स्ट्रोक म्हणजे २५-२६ किलो. ‘दोघं धरू, डिंगीत (छोट्या होडीत) टाकू’ म्हणणारा एक सीनियर सगळीकडे असतो. त्याचं ऐकू नका. कंबर त्याची जात नाही.

क्रेन बोटीवरच आहे, बूम, म्हणजे मोठ्या शिडाखालचा आडवा दांडा. फक्त ती ट्रान्समच्या (मोटर अडकवलेल्या मागच्या फळीच्या) बाहेर पोचायला हवी. आखूड असेल तर नाद सोडा, मोटर तिरकी ओढली जाऊन कॉकपिटमध्ये घुसते. मेनसेल (मोठं शीड) काढा. बूमच्या टोकाला मेन हॅलयार्ड (ते शीड वर चढवायचा दोर) लावून ताणा. टॉपिंग लिफ्टवर (बूमचं टोक वरून धरणाऱ्या दोरावर) भरवसा नको, ती नुसत्या बूमचं वजन पेलायला असते. मेनशीटच्या (बूम आवरायच्या दोराच्या) कप्प्या हॅलयार्डच्या बरोब्बर खाली टांगा. दोर चारपदरी असेल तर हाताला सात-आठ किलोच लागतात.

आता आमची फजिती झाली ती जागा. मोटरचा क्लॅम्प (पकड) ट्रान्समवर आहे तोवर बूम गरीब गाय असते, कारण मोटरनेच तिला खालून धरलेलं असतं. क्लॅम्प दोन बोटं वर आला की तो आधार संपला. सगळे बघायला एका बाजूला जमलेले, बोट तिकडे कललेली, आणि बूम वजनासकट त्याच बाजूला धावते. आमच्या वेळी मोटरचा पंखा बोटीच्या मागच्या बाजूच्या रंगावरून खरवडत गेला. म्हणून बूमच्या टोकाला डावी-उजवीकडे एकेक दोर, क्लीटवर (दोर अडकवायच्या खुंटीवर) फेरा घेऊन माणसाच्या हातात. क्लॅम्पचे स्क्रू सैल करण्याआधी. ‘उचलल्यावर बांधू’ नाही. एकाने वीतभर सोडलं की दुसऱ्याने वीतभरच ओढायचं. मोटरला वेगळा दोर बांधून बोटीला अडकवा, तो शेवटपर्यंत सोडायचा नाही.

हे वाचून धडकी भरली असेल, पण दोर हातात असले की काम अगदी संथ आणि सोपं होतं. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी (भरती-ओहोटीतला फरक कमी असतो ते) धरा, ओढ कमी असते. जमलं तर सोमवार. घारापुरीची लेणी बंद, म्हणून लाँचच्या लाटाही कमी.

डिंगीत मोटर उभी धरून आतलं पाणी निथळू द्या. मग मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या कुशीवरच निजवा, डोकं वर. उलट्या कुशीवर ठेवली तर इंजिन ऑइल सिलिंडरमध्ये शिरतं.