वॉचडॉग ड्रायव्हरचा रिव्ह्यू कसा करावा: लिनक्स कर्नलमधलं एक छोटं पण जोखमीचं काम

वॉचडॉग म्हणजे चिपमधला उलटा मोजणारा टायमर. सॉफ्टवेअरने ठरावीक वेळेच्या आत त्याला ‘मी जिवंत आहे’ असं कळवायचं, याला पिंग म्हणतात. पिंग आला नाही आणि मोजणी संपली, की तो कुणालाही न विचारता सगळी सिस्टिम रीसेट करतो. राउटर, किऑस्क, शेतातल्या पंपाचा कंट्रोलर, मोबाइल टॉवरखालची पेटी, जिथे बटण दाबायला माणूस नसतो तिथे शेवटचा भरवसा याचाच.

या टायमरला चालवणाऱ्या ड्रायव्हरची खोड अशी, की तो चुकीचा लिहिलेला असला तरी महिनोन् महिने काही बिघडत नाही. ज्या दिवशी कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा मुख्य भाग) अडकतो, त्या दिवशीच पितळ उघडं पडतं. त्यामुळे ‘आमच्या बोर्डवर चालतंय’ एवढ्यावर पॅच, म्हणजे कोडमधला प्रस्तावित बदल, मान्य करू नये. नेटाने वाचावा, आणि वाचताना सतत एकच विचारावं: हा ड्रायव्हर वरच्या प्रोग्रॅमला जे सांगतोय, ते खालचं हार्डवेअर खरंच करतंय का?

उदाहरणासाठी रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाचा बीसीएम२८३५_डब्ल्यूडीटी हा ड्रायव्हर घेऊ. तो छोटा आहे, कर्नलच्या सोर्समध्ये ड्रायव्हर्स/वॉचडॉग या फोल्डरमध्ये कुणालाही वाचता येतो, आणि या प्रकारातले बहुतेक पेच त्याच्यावर समजावता येतात.

पायरी १: कोडआधी हार्डवेअर

पॅच उघडण्याआधी चिपची माहिती काढा. टायमर किती बिटांचा, सेकंदाला किती टिक, एकदा सुरू झाल्यावर तो थांबवता येतो का, आणि बूटलोडर (कर्नलच्या आधी चालणारा छोटा प्रोग्रॅम) त्याला चालू ठेवूनच कर्नलच्या हाती देतो का? पायवर हा टायमर २० बिटांचा आहे आणि सेकंदाला ६५,५३६ टिक पडतात. म्हणजे पूर्ण भरला तरी १६ सेकंदांना एक टिक कमी. पूर्ण सेकंद धरले तर १५. शिवाय टायमरच्या रजिस्टरमध्ये (मुदत लिहायची चिपमधली जागा) लिहिताना वरच्या बाइटमध्ये हेक्स ५ए हा पासवर्ड घालावा लागतो. बहकलेल्या कोडने चुकून टायमर बदलू नये, हा त्यामागचा हेतू.

हे आकडे कागदावर लिहून ठेवा. पुढे तेच कामाला येतात.

पायरी २: गाभ्याचं काम गाभ्याकडे आहे ना?

२०११पासून कर्नलमध्ये वॉचडॉगचा सामायिक गाभा आहे. /डेव्ह/वॉचडॉग ही फाइल उघडणं, बंद करणं, प्रोग्रॅमच्या मागण्या ऐकणं हे सगळं तो पाहतो. ड्रायव्हरने फक्त स्टार्ट, स्टॉप, पिंग, सेट_टाइमआउट अशी मोजकी फंक्शनं द्यायची. नव्या पॅचमध्ये कुणी स्वतःचे ओपन-राइट-आयऑक्टल (फाइलवरच्या मागण्या हाताळणारी फंक्शनं) लिहिले असतील, तर पुढचं वाचत बसू नका. जुना ड्रायव्हर समोर ठेवून नक्कल केली आहे एवढाच त्याचा अर्थ. नम्रपणे परत पाठवा.

पिंग दिलेलं नसेल तर गाभा दर वेळी स्टार्टच बोलावतो. हे चालतं, पण मग स्टार्टमधली एकेक ओळ पुन्हा पुन्हा चालणार आहे हे डोक्यात ठेवून ते फंक्शन वाचायचं.

पायरी ३: वेळेचं गणित

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. माझ्या मते अर्धा रिव्ह्यू इथेच होतो.

प्रोग्रॅम ६० सेकंद मागतो आणि हार्डवेअरची झेप १५-१६ची, तर काय करायचं? पायच्या ड्रायव्हरमध्ये पूर्वी १५ सेकंद हेच मॅक्स_टाइमआउट म्हणून दिलेलं होतं, त्यामुळे जास्त मागितलं की मागणी फेटाळली जायची. नंतर ती मर्यादा मॅक्स_एचडब्ल्यू_हार्टबीट_एमएस या फील्डमध्ये हलवली. हे फील्ड भरलं, की गाभा मोठी मुदत स्वीकारतो आणि मधल्या काळात स्वतःच हार्डवेअरला पिंग देत राहतो, साधारण हार्डवेअरच्या कमाल मुदतीच्या निम्म्या अंतराने. पायच्या बाबतीत दर ८ सेकंदांनी.

सोय उत्तम, पण इथेच एक सापळा आहे. प्रोग्रॅमने मागितलेली मुदत आता हार्डवेअरच्या मर्यादेपेक्षा मोठी असू शकते. समजा, ड्रायव्हर सेकंदांना ६५,५३६ने गुणतो आणि वरचे बिट मास्क लावून सरळ छाटतो. ६० सेकंद मागितले तर छाटल्यावर उरतात १२. गाभा दर ८ सेकंदांनी पिंग देतोय, म्हणून काही होत नाही आणि टेस्ट पास होते. आता १७ मागा. छाटल्यावर उरतो १ सेकंद, गाभ्याचा पुढचा पिंग त्यानंतर, आणि बोर्ड त्याआधीच रीसेट. १६ किंवा ६४ मागितले तर रजिस्टरमध्ये चक्क शून्य. म्हणजे सगळ्यांच्या आवडीच्या ६०वर चाचणी केलेला ड्रायव्हर १७वर मान टाकतो. म्हणून मास्क दिसला, की त्याच्या आधी लहान-मोठं बघून छाटणारा मिन आहे का ते शोधा. हार्डवेअरमध्ये लिहायचं ते मर्यादेत बसवून. डब्ल्यूडीडी->टाइमआउट या फील्डमध्ये मात्र प्रोग्रॅमने मागितलेले ६०च राहिले पाहिजेत. दोन्ही एकच समजून ड्रायव्हरने तिथेही १५ लिहिले, तर प्रोग्रॅमला दिलेला शब्द मोडला.

दुसरा सापळा गुणाकाराचा. समजा दुसरी एखादी चिप आहे: ३२ बिटांचा टायमर, २४ मेगाहर्ट्झचं घड्याळ. १७८ सेकंद गुणिले २,४०,००,००० हे ३२ बिटांत बसतं. १७९ बसत नाही. वरचा भाग गळून १०,३२,७०४ टिक उरतात, म्हणजे जेमतेम ४३ मिलिसेकंद. जवळजवळ तीन मिनिटं मागणाऱ्याला डोळ्याचं पातं लवायच्या आत रीसेट मिळतो. कमाल मुदत मिलिसेकंदांत काढतानाही हाच घोळ होतो: आधी १०००ने गुणून मग भागलं, तर गुणतानाच सांडतं. ६४ बिटांत हिशोब करा म्हणून सांगा, पण ३२ बिटांच्या आर्मवर ६४ बिटांचा साधा भागाकार लिंक होत नाही, तिथे डिव्ह_यू६४ लागतं. घड्याळाचा वेग शून्य आला तर काय, हेही विचारून घ्या. शून्याने भागणारा प्रोब (ड्रायव्हर सुरू होताना चालणारं फंक्शन) मी वाचलेल्या पॅचेसमध्ये अजिबात दुर्मीळ नाही.

पायरी ४: थांबणं खरं आहे का?

काही टायमर एकदा सुरू झाले की थांबतच नाहीत. अशा वेळी काही जण स्टॉप फंक्शन लिहितात आणि आत काहीही न करता शून्य परत करतात. प्रोग्रॅमला वाटतं थांबला. बोर्ड थोड्या वेळाने रीसेट. योग्य मार्ग असा, की स्टॉप द्यायचंच नाही आणि मॅक्स_एचडब्ल्यू_हार्टबीट_एमएस भरायचं. मग फाइल रीतसर बंद झाल्यावर गाभा स्वतः पिंग देत राहतो. दोन्ही नसतील तर गाभा ड्रायव्हरची नोंदणीच नाकारतो.

मग ऑप्शन्समधला मॅजिकक्लोज हा फ्लॅग बघा. तो असेल, तर फाइल बंद करण्यापूर्वी ‘व्ही’ हे कॅपिटल अक्षर लिहिल्याशिवाय वॉचडॉग थांबत नाही. फ्लॅग विसरला, तर कुठल्याही कारणाने फाइल बंद झाली की वॉचडॉग थांबतो. पिंग देणारा प्रोग्रॅम कोसळला, कर्नलने त्याच्या फाइली बंद केल्या, आणि नेमका त्याच क्षणी राखणदारही झोपला. एका फ्लॅगमुळे!

नोवेआउट (एकदा सुरू झालेला वॉचडॉग थांबवू न देणारा) हा मॉड्यूल पॅरामीटर जाहीर करून वॉचडॉग_सेट_नोवेआउट बोलवायला विसरणं हीही नेहमीची चूक. पॅरामीटर मॉडइन्फो या कमांडमध्ये दिसतो, परिणाम शून्य.

पायरी ५: आधीच चालू असलेला टायमर

बूटलोडरने टायमर चालू ठेवला असेल, तर प्रोबने रजिस्टर वाचून ते ओळखलं पाहिजे आणि नोंदणीच्या आधी डब्ल्यूडीओजी_एचडब्ल्यू_रनिंग हा बिट लावला पाहिजे. मग प्रोग्रॅम फाइल उघडेपर्यंत गाभा पिंग सांभाळतो. पायचा ड्रायव्हर हेच करतो. याऐवजी ‘सुरक्षित राहावं म्हणून’ प्रोबमध्ये टायमर आधी बंद करणारे पॅच येतात. त्यांना हरकत घ्या. बूट होतानाच सिस्टिम अडकली तर वाचवणारा कोणी राहत नाही, आणि बूटलोडरने तो चालू ठेवला होता तो त्याचसाठी.

बूटस्टेटसमध्ये कार्डरीसेट (मागचा रीसेट वॉचडॉगने केला, ही खूण) लिहिलं असेल, तर ते रीसेटचं कारण सांगणारं रजिस्टर वाचून लिहिलंय का हे बघा. अंदाजाने लिहिलेलं कारण नसलेल्यापेक्षा वाईट.

पायरी ६: प्रोबचा क्रम

नोंदणी सगळ्यात शेवटी. नोंदणी झाली की पुढच्याच क्षणी कुणी फाइल उघडू शकतं. तेव्हा घड्याळ चालू, टाइमआउट ठरलेला आणि ड्रायव्हरचा डेटा जागेवर असला पाहिजे. डेव्हएम प्रकारची फंक्शनं ड्रायव्हर निघताना आपोआप, उलट्या क्रमाने आवरतात. घड्याळ साध्या फंक्शनने चालू केलं आणि नोंदणी डेव्हएमने, तर रिमूव्हमध्ये घड्याळ आधी बंद होतं आणि नोंदणी नंतर सुटते. अधल्या मधल्या त्या फटीत कुणी रजिस्टरला हात लावला तर काही चिपवर बस लटकते. इथे डेव्हएम_सीएलके_गेट_एनेबल्ड सुचवा, प्रश्न मिटतो.

बाकी मोड्यूलची नावं, डिव्हाइस ट्रीमधलं टाइमआउट-सेक, मोकळ्या जागा वगैरे गोष्टी चेकपॅच (शैली तपासणारी स्क्रिप्ट) आणि बिल्डच्या सूचना सांगतात. त्यासाठी डोळे शिणवू नका.

पायरी ७: रीस्टार्ट आणि सस्पेंड

रीस्टार्ट फंक्शन अशा वेळी बोलावलं जाऊ शकतं जेव्हा झोपायची मुभा नसते. आत म्युटेक्स किंवा एमस्लीप दिसला तर तिथेच खूण करा. पायवर रीबूट वॉचडॉगच्याच मदतीने होतो: १० टिकांची, म्हणजे सुमारे १५० मायक्रोसेकंदांची मुदत लावायची आणि एमडिलेने एक मिलिसेकंद नुसतं थांबायचं. गंमत म्हणजे त्या चिपला खऱ्या अर्थाने पॉवर-ऑफही करता येत नाही. पुन्हा बूट करू नकोस असा निरोप बूटकोडसाठी ठेवून तोच रीसेट मारला जातो.

सस्पेंडमध्ये टायमर थांबवला असेल, तर रिझ्यूममध्ये तो पुन्हा सुरू होतो का आणि आधी चालू होता तरच होतो का, एवढं तपासा.

पायरी ८: बोर्ड असेल तर

सिस्टमडीने (सिस्टिमच्या सेवा चालवणाऱ्या प्रोग्रॅमने) फाइल धरून ठेवली असेल तर आधी ती सोडवा. कर्नलच्या सेल्फटेस्टमधला वॉचडॉग-टेस्ट चालवा, ६० सेकंदांची मुदत लावा आणि त्याला किल -९ द्या, म्हणजे जबरदस्तीने मारा. लॉगमध्ये ‘वॉचडॉग डिड नॉट स्टॉप!’ ही ओळ आली पाहिजे. मग स्टॉपवॉच लावा. गाभा शेवटचा पिंग असा नेमून देतो, की रीसेट साठाव्या सेकंदाच्या सुमारास व्हावा. पायरी ३मधला छाटणीचा घोळ असेल, तर शेवटचा पिंग ४४व्या सेकंदाला जातो, पुढे १२च सेकंद मिळतात आणि बोर्ड ५६व्या सेकंदाला उडतो. ‘रीसेट झाला, पास’ म्हणणाऱ्याला हे चार सेकंद कधीच दिसत नाहीत. मग तेच १६, १७ आणि ६४वर करून बघा.

दुसरी चाचणी वेगळी. सिसआरक्यू-ट्रिगर या कर्नलला थेट आज्ञा देणाऱ्या फाइलमध्ये ‘सी’ लिहून कर्नलच पाडा, पॅनिकनंतर आपोआप रीबूट होण्याची सोय बंद ठेवून. इथे पिंग देणारा गाभाही मेलेला असतो, त्यामुळे रीसेट ६० सेकंदांची वाट न बघता हार्डवेअरच्याच मुदतीत आला पाहिजे.

पायरी ९: शेरा लिहिताना

‘टाइमआउट चुकीचा आहे’ असं लिहू नका. ‘१७ सेकंद मागितल्यास रजिस्टरमध्ये ६५,५३६ जातात, म्हणजे १ सेकंद; गाभ्याचा पिंग त्यानंतर येतो’ असं लिहा. आकड्याशी कुणी वाद घालत नाही. बोर्डवर स्वतः चालवलं असेल तरच टेस्टेड-बाय द्या, नुसतं वाचलं असेल तर रिव्ह्यूड-बाय पुरे. पॅचची दुसरी आवृत्ती आली, की गिटच्या रेंज-डिफने आधीच्या आवृत्तीशी ताडून बघा. सेट_टाइमआउटमध्ये मिन घातलेला असतो, आणि स्टार्टमधला तोच जुना मास्क तसाच राहून गेलेला सापडतो.