उंदीर दांडी दाबत नाही? या चुका टाळा

साधक अभिसंधानात, म्हणजे कृतीच्या परिणामातून ती शिकवण्याच्या प्रयोगात (इथे पिंजऱ्यातली दांडी दाबली की खाणं मिळतं), उंदीर 'शिकत नाही' असं कुणी म्हटलं की आधी वजनाची वही मागावी. बहुधा ती कोरीच असते.

पोटभर खाणाऱ्या प्रौढ उंदराचं जे वजन भरतं, त्याच्या 85 टक्क्यांवर त्याला ठेवायचं, हा रूढ नेम. 400 ग्रॅमचा असेल तर 340. घाईवाले दोन दिवस खाणं साफ बंद करून हा आकडा गाठतात. मग उंदीर खाणं पडणाऱ्या रिकाम्या ट्रेत तोंड खुपसून बसतो, दांडीकडे ढुंकूनही बघत नाही. आठवडा-दहा दिवस घ्या. रोज ठरल्या वेळी तोला, पाणी तोडू नका, खुराक सत्रानंतरच द्या. बक्षीस म्हणून मिळणारे 45 मिलिग्रॅमचे 100 पेलेट (खाण्याच्या बारीक गोळ्या) म्हणजे साडेचार ग्रॅम खाणं झालं. तेवढं खुराकातून वजा करा. सत्राच्या शेवटी दाबणं मंदावलं तर उंदीर विसरलेला नसतो, त्याचं पोट भरलेलं असतं.

दुसरी चूक जास्त चीड आणणारी. अन्नासाठी दांडी चटकन दाबली, म्हणून शॉक टाळायलाही तीच दांडी ठेवायची! मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट बोल्सने 1970 मध्येच मांडलं होतं की धोका दिसला की उंदीर पळतो किंवा थिजतो. दांडी दाबणं त्याच्या बचावात बसत नाही. मग हाताळणारा शॉक वाढवतो आणि उंदीर आणखीच थिजतो. कधी तो दांडीवरच पंजे रोवून, पाठ कमानीसारखी करून गोठतो. दांडी सुटतच नाही, यंत्रात नोंद एकच होते आणि वहीत लिहिलं जातं 'प्रतिसाद कमी'. शॉक नका वाढवू, कृती बदला. एका कप्प्यातून दुसऱ्या सुरक्षित कप्प्यात पळणं तो थोडक्या फेऱ्यांत शिकतो. मात्र दोन्ही कप्पे आलटून पालटून धोक्याचे केलेत तर शिकणं रखडतं, कारण जिथे शॉक बसला तिथेच त्याला परत जायला सांगताय.

दांडीऐवजी भोकात नाक घालायला शिकवत असाल, तर ते उंदीर बक्षिसाशिवायही करतो. म्हणून शेजारी बक्षीस नसलेलं दुसरं भोक हवंच, नाहीतर नुसता चाळा शिक्षणात मोजला जाईल. आणि या आकड्यांची दांडीच्या आकड्यांशी तुलना करू नका.

नवे पेलेट आदल्या दोन दिवशी त्याच्या राहत्या पिंजऱ्यात चाखायला द्या.

फीडरच्या (पेलेट टाकणाऱ्या यंत्राच्या) 'टक' आवाजाला उंदीर धावत येत नसेल, तर दांडीचं शिक्षण सुरूच करू नका.

एका दाबाला एक पेलेट, आणि दुसऱ्या दिवशी थेट वीस दाबांना एक? तो हात टेकणारच. 1, 2, 3, 5, 8 असं चढा.