‘शारदा’चे कपडे ठरवताना शेवटच्या रांगेतून एक फोटो काढा

गोविंद बल्लाळ देवलांचं ‘संगीत शारदा’ हे नाटक १८९९ सालचं. त्यातले भुजंगनाथ, कांचनभट, भद्रेश्वर सगळेच धोतर-उपरण्यात, त्यामुळे पंधरा-सोळा वर्षांची मुलं ही कामं करतात तेव्हा प्रेक्षकांना लांबून कोण कोण ते कळत नाही. कपडे भाड्याने आणण्याआधी हे करून पाहा, खर्च खूप वाचतो.

१. घराघरांतून जुनी सुती लुगडी, धोतरं, उपरणी, शाली गोळा करा. आजीचं धुऊन मऊ झालेलं लुगडं अंगावर जसं बसतं, तसं चकचकीत नवं कापड बसत नाही.

२. मुलांना ते नेसवून रंगमंचावर उभं करा, प्रयोगातलेच दिवे लावा आणि शेवटच्या रांगेतून मोबाइलवर फोटो काढा.

३. फोटो कृष्णधवल करा. दोन पात्रं सारखी दिसली, तर एकाचं उपरणं किंवा पागोटं बदला. भुजंगनाथाला गडद काठाची शाल दिली की तो लगेच वेगळा उठून दिसतो. उरलेल्या दोन-चार वस्तूच भाड्याने आणा.

तांबड्या दिव्यात हिरवं लुगडं काळपट दिसतं, तेव्हा शारदेचा रंग त्या प्रवेशाच्या उजेडातच ठरवा.

एक मात्र सांभाळा: धोतराचा कासोटा नुसत्या पिनांवर ठेवू नका. बसताना पिना सुटतात, टोचतात, आणि मग मुलगा पदाकडे लक्ष देण्याऐवजी एका हाताने निऱ्याच धरून ठेवतो. आत घट्ट चड्डी घालून कासोटा तिला चार टाके घालून शिवा, आणि निदान तीन तालमी त्याच कपड्यांत करा.