हूडच्या गाडीला लॉक लावावं का? पार्किंगच्या या चुका टाळा

सोलापूरच्या गड्ड्यात, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेत, शोभेचं दारूकाम बघायला गेलो होतो. होम मैदानाजवळ जागा मिळणं शक्यच नव्हतं, म्हणून कापडी हूडची, म्हणजे कापडी छताची, थार लांब एका गल्लीत लावली. दोन्ही दारं लॉक केली, हँडल ओढून खात्री केली. दोन तासांनी परत आलो तर दारं तशीच लॉक होती आणि मागच्या बाजूचं हूड हातभर चिरलेलं होतं. मागच्या सीटवरची पिशवी गेली होती. पिशवीत आईचे शिंप्याकडे द्यायचे जुने कपडे होते. गल्लीच्या टोकाला पिशवी सापडली, कपडेही सापडले. चोराला त्यातलं काही नकोच होतं. हूड मात्र गेलं ते गेलंच.

तेव्हापासून हूडच्या गाड्या वापरणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाशी या विषयावर बोललो आहे. एक गट म्हणतो, लॉक लावायचंच. दुसरा म्हणतो, दार उघडं ठेवावं, म्हणजे चोर दारातून येईल, बघेल आणि जाईल, निदान ब्लेड तरी काढणार नाही. दुसऱ्या गटाचं म्हणणं वेडेपणाचं नाही. ज्यानं एकदा हूड बदललंय त्याला ते लगेच पटतं. पण मला वाटतं, दोन्ही गट चुकीच्या टोकापासून सुरुवात करतात. लॉकचा विचार नंतर. आधी सीटवर काय दिसतंय ते बघा.

चूक पहिली: सामान झाकून ठेवणं

माझी पिशवी उघडी नव्हती. तिच्यावर सोलापुरी चादर टाकलेली होती, आणि तीच माझी चूक. रिकाम्या सीटवर कोणी चादर टाकत नाही. झाकलेला उंचवटा दिसला की आत काहीतरी आहे हे बाहेरच्याला कळतं, आणि काय आहे हे बघायला कापड कापावं लागतं. नवी पेठेत खरेदी करून पिशव्या गाडीत टाकायच्या आणि तिथूनच पुढच्या दुकानात जायचं, ही सवय तर सगळ्यांचीच. सामान ठेवताना तुम्हाला कोण बघतंय, हे तुम्हाला दिसत नाही. ठेवायचंच असेल तर निघायच्या ठिकाणी ठेवा, पोचायच्या ठिकाणी नाही.

सीट, पायाखालची जागा, मागचा भाग, सगळं उघडं आणि रिकामं दिसू द्या. डॅशबोर्डचा कप्पासुद्धा रिकामा करून उघडाच ठेवा. मोबाईलची चार्जिंग केबल काढा, काचेवरचा होल्डर काढा. नुसती केबल लोंबकळताना दिसली तरी फोन आत असेल असा संशय येतो. आरसी, विमा, लायसन्सच्या मूळ कागदांसाठीही गाडीत जागा नको. डिजिलॉकर किंवा एमपरिवहन या अ‍ॅपमधले कागद तपासणीत ग्राह्य धरले जातात. अवजारं न्यावीच लागत असतील तर चेसिसला बोल्टनं पक्की केलेली लोखंडी पेटी करून घ्या.

चूक दुसरी: हूड वाचावं म्हणून दार उघडं सोडणं

गाडी पूर्ण रिकामी असेल तर दार उघडं ठेवायला काय हरकत? मी स्वतः काही महिने तसं केलं आणि सोडून दिलं.

मुख्य कारण म्हणजे मुलं. उघडी जीप किंवा थार दिसली की गल्लीतली पोरं आत चढणार, स्टिअरिंग फिरवणार. हँडब्रेक खाली करायला किल्ली लागत नाही. उतारावर न्यूट्रलमध्ये लावलेली गाडी त्यानंतर कुणाचं ऐकत नाही. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा 43-44 अंशांवर जातो. उन्हात बंद असलेल्या गाडीत लहान मूल शिरून अडकलं तर काही मिनिटांत जिवावर बेतू शकतं. ही भीती मला हूडच्या खर्चापेक्षा कितीतरी मोठी वाटते.

दुसरं, बहुतेक गाड्यांत बॉनेट उघडायचा खटका आत असतो. दार उघडं म्हणजे बॅटरी उघडी. पिशवी वाचवली आणि बॅटरी गेली, असं व्हायला नको.

तिसरं कारण विम्याचं. गाडी सुरक्षित राहावी म्हणून मालकानं वाजवी काळजी घ्यावी, ही अट मोटार पॉलिसीत असते. गाडीच चोरीला गेली तर कंपनी दोन्ही किल्ल्या मागते आणि गाडी कुठे, कशी लावली होती हे विचारते. ‘दार मुद्दाम उघडं ठेवलं होतं’ हे तिथे सांगायची वेळ आली तर प्रकरण लांबतं. निष्काळजीपणा झाला म्हणून दावा पूर्ण फेटाळलाच जातो असंही नाही. किल्ली ट्रकमध्येच राहिल्याच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं 2023 मध्ये 75 टक्के रक्कम द्यायला लावली. पण त्या मालकाला त्यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं.

म्हणून माझं मत असं: गाडी रिकामी आणि दारं लॉक. हूडला ब्लेड लागायची शक्यता यानं शून्य होत नाही. ती कमी करतं ते रिकामं दिसणं. आणि लॉकनं मुलं, बॅटरी आणि विमा ही तीन काळजीची कामं भागतात.

हूड पूर्ण खाली करून पाच मिनिटांसाठी उतरायचं असेल, समजा पार्क चौकात भेळ घ्यायला, तर लॉक नावापुरतंच असतं. तरी किल्ली खिशात, स्टिअरिंग लॉक झालेलं आणि गाडी गिअरमध्ये हवीच. जुन्या जीपला, जिच्या दाराच्या जागी नुसता पडदा असतो आणि बॉनेट बाहेरच्या क्लॅम्पवर, तिथे बॅटरी कट-ऑफ स्विच आणि स्टिअरिंगला लावायचा लोखंडी दांडा एवढंच हातात आहे. दोन्ही लावा.

चूक तिसरी: ‘विमा आहे की’ म्हणून निर्धास्त राहणं

जुन्या जीपवाल्यांपैकी बरेच जण फक्त थर्ड पार्टी विमा काढतात. त्यात गाडी चोरीला गेली तरी काही मिळत नाही, हूड तर लांबची गोष्ट. सर्वसमावेशक पॉलिसीतही गाडीतलं वैयक्तिक सामान धरलेलं नसतं, त्याला वेगळं अ‍ॅड-ऑन लागतं. रबर, नायलॉन, प्लास्टिकच्या भागांवर 50 टक्के घसारा कापतात. 1500 सीसीच्या वरच्या गाडीला सक्तीची 2000 रुपयांची कपात असते, ती आपल्या खिशातून. शिवाय दावा केला की नो-क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जातो, जो पाच वर्षांत 50 टक्क्यांपर्यंत चढलेला असू शकतो. लहान चिरेसाठी दावा करायच्या आधी हा हिशोब कागदावर मांडा. मी मांडला आणि दावा केला नाही.

चिर पडलीच तर

पहिली चूक मी स्वतः केली. घाईत हूड खाली केलं, म्हणजे फाटलेलं दिसणार नाही. घडी पडली तशी चिर हातभराची दीड हात झाली. हूड हलवू नका. आधी आतून-बाहेरून फोटो काढा, 112 वर किंवा जवळच्या ठाण्यात कळवा. दावा करणार असाल तर विमा कंपनीला त्याच दिवशी सांगा आणि सर्व्हेअर बघेपर्यंत शिलाई करू नका. तोवर आतल्या बाजूनं रुंद चिकटपट्टी लावा. फेव्हिक्विकसारखा डिंक अजिबात नको. तो वाळून कडक होतो आणि त्याच्याच कडेला कापड पुन्हा तडकतं.

माझं हूड बघून कुशनवाले चाचा म्हणाले, “शिवता येतंय ओ, पण प्रत्येक टाक्याला भोक पडणार आणि पावसात तिथूनच टपकणार.” त्यांनी आतून त्याच जातीच्या कापडाचं ठिगळ चिकटवलं, कडेच्या शिलाईवर सीलंट फिरवलं. चिर पट्टीच्या किंवा सांगाड्याच्या अगदी जवळ असेल, जिथे कापड ताणलेलं असतं, तिथे ठिगळ टिकत नाही. तो पूर्ण तुकडाच बदलावा लागतो.

लॉक लागतंय की नाही?

रिमोट दाबला की इंडिकेटर लुकलुकतात, आणि आपण पाठ फिरवतो. एक दार नीट बसलेलं नसेल तर काही गाड्या लॉकच होत नाहीत. हँडल ओढून बघा, दोन्ही बाजूंचं. रिमोट कधी चालतो, कधी नाही, असं होत असेल तर आधी त्यातला बटण-सेल बदला.

बाहेरून अलार्म बसवला असेल आणि तो वाऱ्यानं उगाच वाजत असेल, तर दोष बहुधा आतल्या हालचालीच्या सेन्सरचा असतो. कापड फडफडलं तरी त्याला कोणी आत आल्यासारखं वाटतं. शेजारी वैतागले म्हणून अख्खा अलार्म बंद करणारे मला माहीत आहेत. तसं करू नका. सेन्सरची संवेदनशीलता कमी करून घ्या, किंवा तो काढून दार, बॉनेट आणि धक्का यांवर वाजणारा अलार्म ठेवा.

पार्किंगची जागा निवडताना मी आता सावलीपेक्षा वर्दळ बघतो. रात्री एखाद्या मेडिकल दुकानाच्या किंवा एटीएमच्या उजेडात, हूडची मागची बाजू रस्त्याकडे करून लावतो. चिरणाऱ्याला मागची बाजूच सोयीची असते, आणि तीच येणाऱ्याजाणाऱ्यांना दिसत राहते.