लॅपटॉपला वायफाय जोडताना या चुका टाळा

नेट बंद पडलं की घरातला उत्साही माणूस आधी टाचणी शोधतो. राउटरच्या मागच्या बारीक भोकात ती खुपसून थोडा वेळ दाबून धरली की रीसेट होतो, हे त्याने कुठल्यातरी व्हिडिओत पाहिलेलं असतं. रीसेट होतो हे खरं, पण सोबत राउटरमधली सगळी माहितीही पुसली जाते. वायफायचं नाव आणि पासवर्ड तर जातोच, शिवाय बऱ्याच ठिकाणी केबलवाल्याने भरून दिलेलं पीपीपीओईचं, म्हणजे नेट कंपनीकडे लॉगिन होण्याचं, युजरनेम आणि पासवर्डही जातो. आधी एकटा लॅपटॉप अडला होता, आता अख्खं घर अडतं आणि केबलवाला येईपर्यंत हात चोळत बसावं लागतं. राउटर रीस्टार्टच करायचा असेल तर बटण बंद करा, मिनिटभर थांबा, चालू करा आणि दिवे स्थिर व्हायला दोन-तीन मिनिटं द्या. त्या भोकाच्या वाटेला जाऊ नका.

खरं तर राउटरला हात लावण्याआधी बिघाड कुठे आहे ते शोधायला हवं: लॅपटॉपमध्ये, राउटरमध्ये की बाहेरच्या लाइनमध्ये? त्यासाठी मोबाइल पुरतो. तो त्याच वायफायला जोडा आणि एखादी वेबसाइट उघडून बघा. मात्र नवखी माणसं इथे मोबाइल डेटा चालूच ठेवतात. वायफायला नेट मिळत नसलं की फोन गुपचूप सिमच्या डेटावर जातो, व्हिडिओ मस्त चालतो आणि बिचाऱ्या लॅपटॉपवर खापर फुटतं. डेटा बंद करूनच तपासा.

फोनवरही काही उघडत नसेल तर लॅपटॉपशी झटापट थांबवा. फायबरचं कनेक्शन असेल तर डब्यावरचा एलओएस लिहिलेला दिवा बघा. तो लाल असेल तर प्रकाशाचा सिग्नल घरापर्यंत पोहोचतच नाहीये. वायर तुटलीय, फार वाकलीय किंवा निघालीय. तक्रार करताना नुसतं 'नेट चालत नाही' न म्हणता 'एलओएस लाल आहे' असं सांगा, समोरच्याला लगेच कळतं. आणि लाइट गेली असेल तर आधी राउटर चालू आहे का ते पाहा. इन्व्हर्टरवर दिवे-पंखे चालतात, पण राउटरचा प्लग त्या लाइनवर असतोच असं नाही.

फोन चालतोय आणि लॅपटॉपच अडलाय, असं असेल तर आधी वायफाय चालू आहे का बघा. विमानाचं चित्र असलेली की चुकून दाबली गेली की एअरप्लेन मोड लागतो. जुन्या काही लॅपटॉपना कडेला वायफायची सरकती कळ असते, बॅगेत घासून ती बंद झालेली असते. विंडोजमध्ये विंडोजची की आणि ए एकत्र दाबलं की वायफायचं बटण समोर येतं.

वायफाय चालू आहे, शेजाऱ्यांची नावं दिसतात, आपलंच दिसत नाही? वायफायचे 2.4 आणि 5 गिगाहर्ट्झ असे वेगवेगळे रेडिओ पट्टे असतात; राउटर बहुधा फक्त 5 वर चालतोय आणि जुन्या लॅपटॉपमधलं कार्ड 2.4 पुरतंच आहे. राउटरवर 2.4 सुरू करा. आयफोनचा हॉटस्पॉट दिसत नसेल तर त्याच्या सेटिंगमधलं 'मॅक्सिमाइझ कंपॅटिबिलिटी' चालू करा. दुखणं तेच असतं.

पासवर्डच्या बाबतीत सगळ्यांना आपण बरोबरच टाइप केलाय असं वाटतं. डोळ्याचं चिन्ह दाबून एकदा वाचून बघा. कॅप्स लॉक, शून्य आणि ओ, यांची गल्लत नेहमीची. मराठी टायपिंगसाठी कीबोर्ड बदलून ठेवला असेल तर तेही तपासा. विंडोजची की आणि स्पेसबार दाबून इंग्रजीवर या. वायफायचा पासवर्ड किमान 8 अक्षरांचा असतो, तेव्हा कागदावर सातच असतील तर लिहिताना एक सुटलंय. राउटरचा पासवर्ड बदलल्यानंतर लॅपटॉप जुनाच लावत बसतो. अशा वेळी ते नेटवर्क 'फर्गेट' करून नव्याने जोडा.

एक चूक सहसा कुणाच्या डोक्यातच येत नाही. वायफाय जोडलेलं असतं, पण प्रत्येक साइट कनेक्शन सुरक्षित नसल्याचा इशारा देते. घड्याळ बघा. बरेच महिने कपाटात पडलेला लॅपटॉप तारीख काही वर्षं मागची दाखवत असतो. साइटची ओळख पटवणाऱ्या प्रमाणपत्राची मुदत त्या तारखेला सुरूच झालेली नसते, म्हणून ब्राउझर अडवतो. तारीख-वेळ ऑटोमॅटिकवर टाका. नेट जुळत नाही तोवर तीही सुधारत नसेल तर हाताने भरा. दर वेळी मागे जात असेल तर मदरबोर्डवरचा छोटा सेल संपलाय.

वायफायचं बटणच गायब असेल तर बहुधा ड्रायव्हर, म्हणजे वायफायचं कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, नाहीये. दुकानात धावण्याआधी मोबाइल यूएसबी वायरने जोडा, फोनवर यूएसबी टिदरिंग (फोनचं नेट वायरने लॅपटॉपला देणं) चालू करा आणि विंडोज अपडेट चालवून बघा.

मोबाइलचं नेट असं वापरताना, हॉटस्पॉट असो की वायर, त्या कनेक्शनच्या सेटिंगमध्ये 'मीटर्ड कनेक्शन' (डेटा मर्यादित आहे हे विंडोजला सांगणारी सोय) चालू करायला विसरू नका. नाहीतर रोजच्या दीड जीबीच्या पॅकवर विंडोज मोठं अपडेट उतरवायला घेतं आणि दुपारच्या मीटिंगला डेटा उरत नाही. ड्रायव्हरसाठी अपडेट चालवायचं असेल तेवढ्यापुरतं 'मीटर्ड' बंद करा, काम झालं की परत चालू.