मुद्दा भक्कम की फुसका? नौपाड्याच्या पार्किंगवर तपासून पाहा

सोसायटीची सभा असो, प्रभागातली बैठक असो की स्पर्धा परीक्षेतला 'विधान आणि युक्तिवाद' हा प्रकार, काम एकच असतं. समोरच्याने दिलेलं कारण त्याच्या मागणीचं ओझं पेलतं का, ते पाहायचं. गल्लत होते ती इथेच. आपल्या बाजूचा मुद्दा भक्कम वाटतो आणि विरोधातला फुसका. पण बाजू वेगळी आणि बळ वेगळं. एकाच प्रश्नावर 'हो' म्हणणाऱ्याचा आणि 'नाही' म्हणणाऱ्याचा, दोघांचेही मुद्दे भक्कम असू शकतात. दोघांचेही फुसके असू शकतात, आणि सभांमध्ये बहुधा हेच ऐकायला मिळतं.

इथे ठाण्यातल्या नौपाडा भागातल्या पार्किंगचा एकच प्रश्न घेऊन तो शेवटपर्यंत चालवला आहे. मधे दुसरी उदाहरणं येतील ती तेवढ्यापुरती. सामान म्हणाल तर कोरा कागद, पेन आणि फोनमधला कॅल्क्युलेटर. पहिल्यांदा अर्धा तास लागेल, सवय झाली की दहा मिनिटं.

१. प्रश्न एका ओळीत बांधून घ्या

'पार्किंगचं काहीतरी करायला हवं' ही कुरकुर झाली. प्रश्नात कोणी, कुठे, काय आणि कोणासाठी हे चारही आलं पाहिजे. उदाहरणार्थ: 'ठाणे महापालिकेने नौपाड्यात गोखले रोड आणि राम मारुती रोडच्या कडेला उभ्या राहणाऱ्या चारचाकींकडून दिवसा तासाप्रमाणे शुल्क घ्यावं का?' यातला 'दिवसा' हा शब्द काढून बघा. निम्मे आक्षेप बदलतात.

'कोणी' या शब्दापाशी आमच्या भागात लोक हमखास घसरतात. 'नवी मुंबईचं स्वतःचं मोरबे धरण आहे, मग खारघरला पाण्याची बोंब का?' हा सवाल ऐकायला बिनतोड वाटतो. पण मोरबे आहे नवी मुंबई महापालिकेचं. खारघर २०१६ पासून पनवेल महापालिकेत आहे आणि तिथलं पाणी मुख्यतः सिडकोच्या, म्हणजे ही शहरं वसवणाऱ्या सरकारी कंपनीच्या, हातात. 'नवी मुंबई' हा शब्द पहिल्या वाक्यात महापालिकेसाठी येतो आणि दुसऱ्या वाक्यात सिडकोने वसवलेल्या सगळ्या शहरासाठी. मुद्दा या सांध्यातच निखळतो. शहराचं, खात्याचं, योजनेचं नाव आलं की प्रत्येक वेळी ते त्याच अर्थाने वापरलंय ना, हे आधी पाहा.

२. कारण सुटं काढा आणि 'हो-नाही' अंगठ्याखाली झाका

सभेत लोक मुद्दा बोलत नाहीत, भाषण करतात. त्यातला आवेश गाळून एक वाक्य उरवा: 'हो, कारण…' किंवा 'नाही, कारण…'. पार्किंगवर साधारण हे ऐकू येईल:

– हो, कारण जागा फिरती राहील. एकच गाडी दिवसभर अडून बसणार नाही.
– हो, कारण पालिकेला उत्पन्न मिळेल.
– हो, कारण गाडीवाल्यांना परवडतं.
– नाही, कारण गाड्या शेजारच्या गल्ल्यांत घुसतील.
– नाही, कारण जुन्या इमारतींना आवारात पार्किंगच नाही.
– नाही, कारण आम्ही आधीच रोड टॅक्स भरतो.
– नाही, कारण कंत्राटदाराची माणसं पावती न देता पैसे घेतील.
– नाही, कारण आज पार्किंगचे पैसे घेतील, उद्या फुटपाथवर चालायचे.

आता 'हो' आणि 'नाही' झाकून फक्त कारण वाचा. प्रत्येकापुढे मनात 'बरं, मग?' असं विचारा. कारण खरं मानलं तर ते या प्रश्नाला भिडतं का? 'गाडीवाल्यांना परवडतं' हे खरं धरलं तरी त्यातून एवढंच निघतं की शुल्क भरता येईल. घ्यावं का, याचं उत्तर त्यात नाही. फुटपाथचा मुद्दा तर पार्किंगबद्दल बोलतच नाही, तो उद्याच्या एका भीतीबद्दल बोलतो. मधली एकही पायरी दाखवलेली नसली की असा मुद्दा तिथेच खोडायचा.

रोड टॅक्सचा मुद्दा मात्र सोडून देऊ नका, कारण लोकांना तो मनापासून पटलेला असतो. खासगी गाडी घेताना भरलेला एकरकमी मोटार वाहन कर राज्य सरकारकडे जातो, महापालिकेच्या तिजोरीत नाही. शिवाय हा कर गाडी बाळगण्याबद्दल आहे. नौपाड्यातली दहा-बारा चौरस मीटर जागा तासन्‌तास अडवण्याचा हक्क त्यातून मिळतो, असं कुठे लिहिलेलं नाही. आणखी एक कसोटी लावा: हा मुद्दा मान्य केला तर आणखी काय काय मान्य करावं लागेल? रोड टॅक्स भरला म्हणून पार्किंग फुकट, तर मग मॉलमधलंही फुकट मागायचं का? गरजेपेक्षा जास्त सिद्ध करणारा मुद्दा बहुधा काहीच सिद्ध करत नाही.

३. वजन करा, म्हणजे खरोखर आकडेमोड करा

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. भिडणारा मुद्दाही हलका असू शकतो, आणि हे नुसत्या बोलण्यातून कळत नाही.

आधी उत्पन्नाचा मुद्दा. रस्त्याच्या कडेला समांतर उभ्या राहणाऱ्या एका गाडीला साडेपाच ते सहा मीटर लागतात. म्हणजे १०० मीटरमध्ये सोळा ते अठरा गाड्या. इमारतींची फाटकं, कोपरे, रिक्षाथांबा वगळून बारा धरा. समजा, तासाला २० रुपये, दहा तास, आणि ७० टक्के वेळ जागा भरलेली. १२ × १० × ०.७ × २० म्हणजे दिवसाला १,६८० रुपये. त्यासाठी दोन माणसं उभी केली आणि प्रत्येकाला ८०० रुपये रोज धरला, तर १,६०० गेले. उरले ८०. त्यात पावतीचं यंत्र, रंगवलेले पट्टे आणि कंत्राटदाराचा वाटा यायचाच आहे. दर ५० केला तर चित्र बदलतं, पण मग ७० टक्के जागा भरेल का, हा नवा प्रश्न उभा राहतो. आकडे इथे समजुतीसाठी धरले आहेत. तुम्ही तुमचे घाला. बेरीज कशीही आली तरी या मुद्द्याचं बळ दर आणि पगार यांवर टांगलेलं आहे, हे दिसेल. 'उत्पन्न मिळेल' एवढंच म्हणणाऱ्याने ही बेरीज केलेली नसते.

आता जागा फिरती राहण्याचा मुद्दा. दुकानदाराची गाडी सकाळी दहाला लागली आणि रात्री आठला निघाली, तर त्या जागेने दहा तासांत एका माणसाचं काम केलं. सरासरी सव्वा तास थांबणारी गिऱ्हाइकं आली तर तीच जागा आठ जणांना पुरते. बारा जागांमध्ये बाराऐवजी ९६ गाड्या. प्रत्यक्षात एवढ्या येणार नाहीत, निम्म्या धरा. तरी फरक चौपट आहे, आणि हा फरक शुल्कामुळेच पडतो. मुद्दा भक्कम. गंमत अशी की 'हो' म्हणणारे सभेत आधी उत्पन्नाचंच बोलतात.

वजन करताना एक प्रश्न विसरला जातो: कोणासाठी? ठाणे-बोरिवली जुळ्या बोगद्याच्या बाजूने 'तासाभराचा प्रवास पंधरा मिनिटांत' हे वाक्य वापरलं जातं. प्रकल्पाची लांबी ११.८ किलोमीटर. पंधरा मिनिटांत म्हणजे ताशी सुमारे ४७ किलोमीटर, बोगद्यात हे अशक्य नाही. पण ही पंधरा मिनिटं प्रकल्पाच्या दोन टोकांपुरती, ठाण्यातली टिकुजिनीवाडी ते बोरिवलीकडचं मागाठाणे एवढ्यापुरती आहेत. कळव्याहून निघणाऱ्याला आधी ठाणे शहर ओलांडून टिकुजिनीवाडी गाठायची आहे. दावा खोटा ठरत नाही, पण त्याचं वजन माणसागणिक बदलतं.

४. 'नाही'च्या मुद्द्यांना दोन चाळण्या लावा

पहिली चाळणी: विरोधातला मुद्दा धोरणालाच लागतो की त्याच्या एका तपशिलाला? जुन्या इमारतींचा मुद्दा खरा आहे. नौपाड्यातल्या कित्येक इमारती गाड्यांचा विचारही नव्हता तेव्हाच्या. पण तो नीट वाचला तर मागणी 'शुल्क नको' अशी उरत नाही. 'रहिवाशांना पास द्या, रात्री शुल्क नको' अशी होते. म्हणजे धोरण सुधारायला भक्कम आणि रद्द करायला कमकुवत. कागदावर असंच लिहा.

दुसरी चाळणी: मुद्दा याच कामाचा आहे की कुठल्याही कामाला चिकटवता येईल असा? पावती न देणाऱ्या कंत्राटदाराचा मुद्दा महापालिकेच्या कुठल्याही कामाला लावता येतो, म्हणून एकटा तो दुबळा. पण कोणी सांगितलं की अमुक ठिकाणी हाताने पावत्या फाडल्या जातात, दरफलक नाही, तक्रारीला नंबर नाही, तर त्याला धार येते. ठोस तपशील आला की त्याच मुद्द्याची पत वाढते.

राहिला गल्ल्यांचा मुद्दा. आमच्या मते विरोधातला सगळ्यात दमदार हाच. तो प्रश्नाला थेट भिडतो, त्रास कोणाला होईल ते सांगतो, आणि तपासता येतो: शुल्क सुरू होण्याआधी एका शनिवारी संध्याकाळी सात वाजता शेजारच्या गल्लीतल्या गाड्या मोजा, सुरू झाल्यावर महिन्याने त्याच वारी, त्याच वेळी पुन्हा मोजा. वार किंवा वेळ बदलली की मोजणी वाया. सणासुदीचे आठवडेही टाळा.

५. ठरावीक सापळे

'सिंगापूरला बघा' हा आपला राष्ट्रीय मुद्दा आहे. तुलना मुळात वाईट नसते. जुळतं काय ते न सांगितलं तर ती फुसकी होते. सिंगापूरमध्ये १९९० पासून गाडी घेण्याआधी मर्यादित संख्येतला परवाना बोलीने मिळवावा लागतो, म्हणजे गाड्यांची संख्याच बांधलेली आहे. ही बाब गाळून नुसते तिथले पार्किंगचे दर सांगणारा अर्धीच गोष्ट सांगतो.

'पिशव्या अजून दिसतात, म्हणजे बंदी फसली.' महाराष्ट्रात प्लास्टिकबंदीची अधिसूचना मार्च २०१८ मध्ये निघाली. पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये दंड, दुसऱ्याला १०,०००. आज पिशवी दिसते यावरून एवढंच कळतं की ती शून्यावर आलेली नाही. फसली म्हणायला आधी किती होत्या आणि आता किती, हे हवं. 'बंदीमुळे नाल्यांतला कचरा कमी झाला' म्हणणाऱ्यालाही हीच अट.

'हाच एकमेव उपाय', 'पूर्वापार असंच चालत आलंय' आणि 'तज्ज्ञांचं मत आहे' यांवर फार वेळ घालवू नका. तज्ज्ञ कोण आणि त्यांनी कारण काय दिलं, ते विचारा. कारण मिळालं तर ते तपासा, नाव सोडून द्या.

६. बाजू उलटी करून पाहा

ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या वेशीवरच्या पाच नाक्यांवर, त्यात ऐरोली, वाशी आणि मुलुंडचे दोन आले, हलक्या वाहनांना टोल माफ झाला. कारला एका खेपेला ४५ रुपये पडत होते. ठाणे-नवी मुंबईकरांपैकी बहुतेकांना आनंद झाला, म्हणून सरावाला हे उदाहरण बरं. बाजूने: 'नाक्यावर गाड्या थांबणार नाहीत, वेळ आणि इंधन वाचेल'. भिडतो, मोजता येतो, भक्कम. विरोधात: 'बुडालेलं उत्पन्न सरकारी तिजोरीतून भरून द्यायचं झालं, तर कधीच कार न चालवणाराही त्याचा भार उचलणार'. हाही भक्कम, आणि तो वाचताना आपल्याला थोडं टोचतं. टोचतं म्हणून त्याला गुण कमी द्यायचे नाहीत. बाजूनेच येणारं 'जनतेची लूट थांबली' हे मात्र घोषणावाक्य आहे. वसुली किती आणि खर्च किती, हे आकडे सोबत आले तरच त्याचा मुद्दा होईल.

हातचलाखी टाळायला साधी युक्ती: दोन्ही बाजूंचे मुद्दे वेगवेगळ्या चिठ्ठ्यांवर, फक्त कारण लिहून, घरातल्या दुसऱ्या कोणाकडून क्रमाने लावून घ्या. त्यांचा क्रम तुमच्यापेक्षा फार वेगळा आला, तर तुम्ही बाजू तोलत होतात.

७. हरकत लिहायची असेल तर

पालिकेने हरकती-सूचना मागवल्या की जाहिरातीतली मुदत आणि पत्ता आधी टिपून घ्या. पत्रात दोन, फार तर तीन मुद्दे, सगळ्यात भक्कम पहिला. दहा मुद्दे लिहिले की उत्तर देणारा त्यातला सगळ्यात फुसका निवडतो आणि तेवढाच खोडून काढतो. प्रत्येक मुद्द्याखाली दोनच ओळी: आधार काय, आणि त्यामुळे नेमका बदल कोणता हवा. 'रात्री दहा ते सकाळी आठ शुल्क नसावं' अशी मागणी मान्य करता येते किंवा नाकारता येते. 'नागरिकांचा विचार व्हावा' याचं कोणी काहीच करू शकत नाही.

आधाराचा आकडा पालिकेकडेच असेल तर माहितीच्या अधिकारात मागा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर हवा, त्यामुळे पार्किंगचं कंत्राट आणि वाहतूक पाहणी यांसाठी दोन अर्ज करा. हरकतीची मुदत बहुधा त्याआधीच संपते, म्हणून आकड्याची वाट न पाहता स्वतःची मोजणी जोडून पत्र आधी द्या. दोन प्रती न्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक व तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.