संप किंवा टाळेबंदीच्या काळात मालकाने कोणाला, केव्हा आणि काय कळवावे

संपाची नोटीस हाती पडली की व्यवस्थापनाचे सगळे लक्ष वाटाघाटींकडे लागते आणि कळवण्याची कामे मागे पडतात. प्रत्यक्षात त्याच दिवसापासून मुदती मोजायला सुरुवात झालेली असते. मालकाला माहिती द्यावी लागते ती मुख्यतः दोन ठिकाणी: समुचित शासन (त्या उद्योगासाठी जबाबदार असलेले राज्य किंवा केंद्र शासन) व समेट अधिकारी (वादात तडजोड घडवण्याचा प्रयत्न करणारा सरकारी अधिकारी) यांना, आणि कंपनी शेअर बाजारात सूचीबद्ध असेल तर बाजारालाही. पहिले काम मनुष्यबळ विभाग करतो, दुसरे कंपनी सेक्रेटरी. दोघांनी एकाच नोंदींवरून लिहिले नाही तर एकाच संपाच्या दोन वेगवेगळ्या कहाण्या सरकारदरबारी जमा होतात, आणि पुढे न्यायाधिकरणापुढे त्या एकमेकींच्या विरोधात उभ्या राहतात.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता, २०२० लागू झाली आणि १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा मागे पडला. जुन्या कायद्यात संपाची वा टाळेबंदीची (वादाच्या काळात मालकाने काम तात्पुरते बंद ठेवण्याची) पूर्वसूचना केवळ लोकोपयोगी सेवांमध्ये सक्तीची होती. आता ती प्रत्येक औद्योगिक आस्थापनेला लागू आहे. नोटीस दिल्यापासून १४ दिवस उलटल्याशिवाय संप किंवा टाळेबंदी करता येत नाही आणि एका नोटिशीचा आधार ६० दिवसांपुरताच असतो. महाराष्ट्रातील कारखान्यांना हे अगदीच नवे नाही, कारण कामगार संघांना मान्यता देण्याच्या व अनुचित कामगार प्रथांना आळा घालण्याच्या १९७१ च्या राज्य अधिनियमाने १४ दिवसांच्या नोटिशीची सवय येथे पूर्वीच लावलेली आहे.

संहितेच्या कलम ६२ नुसार, मालकाला ज्या दिवशी संपाची नोटीस मिळते किंवा तो स्वतः टाळेबंदीची नोटीस देतो, त्या दिवसापासून ५ दिवसांच्या आत त्या दिवशी किती नोटिसा मिळाल्या किंवा दिल्या हे शासनाला अथवा शासनाने ठरवलेल्या प्राधिकाऱ्याला, आणि समेट अधिकाऱ्यालाही कळवावे लागते. बहुतेक खासगी कारखान्यांसाठी समुचित शासन म्हणजे राज्य शासन. बँका, विमा, खाणी, रेल्वे, मोठी बंदरे यांच्यासाठी केंद्र शासन.

हे ५ दिवस बहुधा गेटवरच वाया जातात. समजा, संघटनेचा प्रतिनिधी शनिवारी सायंकाळी साडेसहाला लिफाफा घेऊन आला, सुरक्षारक्षकाने तो घेतला, पोच म्हणून दुसऱ्या प्रतीवर सही केली आणि लिफाफा टेबलाच्या खणात ठेवला. व्यवस्थापकाने तो मंगळवारी उघडला आणि आवक नोंदवहीत मंगळवारचा शिक्का मारला. संघटनेकडच्या प्रतीवर मात्र शनिवारची तारीख आहे, आणि अधिकारी तीच ग्राह्य धरण्याची शक्यता अधिक. म्हणून गेटवरच आवक नोंदवही ठेवावी, तारखेबरोबर वेळही लिहावी, आणि संघटनेच्या कोणत्याही पत्राबद्दल रक्षकाने लगेच फोन करावा, असा लेखी आदेश काढून ठेवावा. अहवाल पाठवल्यावर आपणही पोच घ्यावी.

नोटिशीशिवाय झालेली कामबंदी ओळखणे अधिक अवघड असते. एखाद्या दिवशी ५० टक्के किंवा त्याहून अधिक कामगारांनी संगनमताने नैमित्तिक रजा घेतली तर संहितेनुसार तोही संपच ठरतो. हजेरीपटावर ४१२ कामगार असतील तर २०६ रजांपासून हा प्रश्न उभा राहतो. पण केवळ आकडा पुरेसा नाही, रजा ठरवून घेतलेली असावी लागते. सणाच्या किंवा गावच्या जत्रेच्या दिवसाला घाईने संप ठरवू नये. पाळीनिहाय हजेरी, रजेचे अर्ज आणि ते कोणत्या वेळी आले, हे त्याच दिवशी जतन करावे.

अहवालाच्या भाषेबद्दल माझे मत ठाम आहे. ‘कामगारांनी बेकायदेशीर संप पुकारला’ असे लिहू नये. संप बेकायदेशीर आहे की नाही हे ठरवणे मालकाच्या हातात नाही. ‘आज सकाळी ७ वाजता सुरू होणाऱ्या पहिल्या पाळीत ४१२ पैकी १३८ कामगार हजर होते, जुळणी विभाग पूर्ण बंद होता, रंगकाम विभाग अंशतः सुरू होता’ असे लिहिले तर ते कोणालाही तपासता येते आणि कोणाचाही अपमान होत नाही. ‘टाळेबंदी’, ‘ले-ऑफ’ (कच्चा माल, वीज अशा कारणांनी कामगारांना तात्पुरते काम न देणे) आणि ‘कारखाना बंद करणे’ हे शब्दही एकमेकांच्या जागी वापरू नयेत, कारण प्रत्येकाची परवानगी, सूचना आणि कामगारांचा मोबदला वेगळा आहे.

समेटाची कार्यवाही सुरू असताना आणि ती संपल्यावर ७ दिवस टाळेबंदी करता येत नाही. बेकायदेशीर टाळेबंदीसाठी ५० हजार ते १ लाख रुपये दंड किंवा एक महिन्यापर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. संप आधीच सुरू असेल तर टाळेबंदीसाठी पूर्वसूचना लागत नाही. मात्र ती जाहीर केली त्याच दिवशी ठरवून दिलेल्या प्राधिकाऱ्याला कळवावे लागते. ही सूट वाचताना तिचा दुसरा भाग अनेकदा वाचायचा राहून जातो.

सूचीबद्ध कंपनीची जबाबदारी येथून वाढते. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबी हिच्या २०१५ च्या सूचीबद्धता विनियमांतील विनियम ३० प्रमाणे, संप किंवा टाळेबंदीमुळे कामकाजात आलेला व्यत्यय महत्त्वाचा असेल तर तो २४ तासांत शेअर बाजाराला कळवावा लागतो. महत्त्व ठरवण्यासाठी अपेक्षित परिणामाची तुलना उलाढालीच्या २ टक्के, निव्वळ मूल्याच्या (मालमत्ता वजा देणी) २ टक्के आणि मागील तीन वर्षांच्या नफा-तोट्याच्या सरासरीच्या ५ टक्के यांपैकी सर्वांत लहान रकमेशी करतात. संप उपकंपनीत असला तरी सूचीबद्ध कंपनीच्या दृष्टीने त्याचे महत्त्व तपासावेच लागते. खुलाशात कोणता कारखाना, संपाचे कारण, उत्पादनावरील अंदाजित परिणाम, नुकसानीचा अंदाज आणि विम्याचे संरक्षण यांचा उल्लेख हवा. उशीर झालाच तर खुलाशासोबत उशिराचे कारणही द्यावे लागते.

एका खुलाशाने काम संपत नाही. स्थिती पूर्ववत होईपर्यंत नियमितपणे माहिती द्यायची असते. २०१३ मध्ये बजाज ऑटोच्या चाकण कारखान्यातील संप सुमारे ५० दिवस चालला. इतक्या काळात पहिल्या दिवशीचा अंदाज टिकत नाही, म्हणून पुढील प्रत्येक खुलाशात आधीचा आकडा सांगून मगच सुधारित आकडा द्यावा. हे खुलासे सर्वांसाठी खुले असतात आणि कंपनीच्या संकेतस्थळावर किमान ५ वर्षे ठेवावे लागतात. गुंतवणूकदारांइतक्याच काळजीने ते कामगारांच्या घरी मोबाइलवर वाचले जातात. वाटाघाटीत ‘कंपनी बुडते आहे’ म्हणायचे आणि बाजाराला ‘परिणाम किरकोळ’ असे कळवायचे, यातील विसंगती तेथे त्याच संध्याकाळी लक्षात येते आणि दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत तिची किंमत मोजावी लागते.

म्हणून विवाद चालू असेपर्यंत रोज सायंकाळी एक पानी दैनिक नोंद तयार करावी: पाळीनिहाय हजेरी, बंद विभाग, आलेली-गेलेली पत्रे, अधिकाऱ्यांसोबतच्या बैठका. तिच्यावर मनुष्यबळ प्रमुख आणि कंपनी सेक्रेटरी या दोघांच्या सह्या असाव्यात आणि शासनाला व बाजाराला जाणारा प्रत्येक आकडा या पानावरूनच घ्यावा. समझोता झाल्यावर कराराची प्रत, काम सुरू झाल्याची तारीख आणि शेवटचा खुलासा त्याच फाइलला जोडावा. पहिल्या पाळीत कामगार परतले तरी उत्पादन पूर्ववत व्हायला काही दिवस लागत असतील, तर शेवटच्या खुलाशात तेही लिहावे.